भंगारात घालण्याआधी
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं, कर्जावर झालं, विजेवर झालं. आमच्या वाट्याला आलेला विषय त्यामानाने लहान दिसतो. मांडवामागे बाभळीखाली आपली जुनी जीप उभी आहे, तिचं काय करायचं?

जीप चालू होते, पण तिची चेसीस मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ कुजली आहे. दोनदा वेल्डिंग केलं. दोन्ही वेळा वेल्डिंगच्या शेजारून नवी चीर गेली. मेस्त्रीने सांगितलं, आता हिच्यात माणसं बसवू नका. इथपर्यंत आपलं एकमत आहे. पुढे दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, उद्या भंगारवाल्याचा टेम्पो बोलवा, काट्यावर चढवा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, नटबोल्टासकट सगळं काढून गोदामात ठेवा, कधीतरी कामाला येईल. आमच्या मते दोन्ही चुकतात. पहिला माल मातीमोल घालवतो आणि दुसरा गोदामात उंदरांची सोय करतो.

पहिली चूक आम्ही स्वतः केलेली आहे, म्हणून सांगतो. मागे एक गाडी आम्ही अशीच वजनावर दिली. तीन महिन्यांनी ऐन वेचणीत दुसऱ्या जीपच्या हाय-लोच्या डब्यातला गिअर तुटला. शोधत शोधत त्याच भंगाराच्या आवारात गेलो. डब्यावर आमच्याच गावच्या वेल्डिंगचा टाका होता. आपण किलोवर दिलेली वस्तू आपणच नगावर विकत घेऊन आलो. भंगारवाल्याला दोष देऊ नका. त्याला माल ओळखता आला, आम्हाला आला नाही. कृषी पदवी घेतलेल्या माणसाला ही अक्कल त्या दिवशी आली. कापूस न निवडता एकाच ढिगात ओतला तर व्यापारी सगळ्या ढिगाला कवडीचा भाव लावतो, हे आम्ही गावोगाव सांगत फिरत होतो आणि स्वतः तेच करत होतो.

आता आपल्या जीपकडे या. ही सीजे 500 डी. मूळ घराणं अमेरिकेच्या विलीज जीपचं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने ती मुंबईत जुळवायला घेतली. हिच्यातलं डिझेल इंजिन मात्र ट्रॅक्टरच्या कुळातलं आहे. इंटरनॅशनलचा बी 275 ट्रॅक्टर तुमच्यापैकी अनेकांच्या वडिलांनी चालवला असेल. त्याच जातीचं हे 2350 सीसीचं इंजिन. म्हणून हिचे काही भाग आपल्या दुसऱ्या जीपला चालतील, काही एखाद्या जुन्या ट्रॅक्टरलाही चालतील. पण 'सारखा दिसतो' म्हणजे 'बसतो' असं नाही. नंबर पाहा, कॅलिपरने मोजा, मगच हो म्हणा.

पाना लावण्याआधी गाडी चालू करा. हे सर्वांत महत्त्वाचं आहे, कारण सुटा झालेला भाग आपलं दुखणं सांगत नाही. सकाळी थंड असताना सेल्फ मारा. किती वेळात उठते? गरम झाल्यावर ऑइलचा दाब टिकतो का? निळा धूर म्हणजे ऑइल जळतं आहे. रेडिएटरच्या पाण्यावर ऑइलचा तवंग असेल किंवा ऑइल दुधासारखं झालं असेल, तर गॅस्केट, हेड नाहीतर ब्लॉक यांत बिघाड आहे. मग मोकळ्या रानात हाय, लो, फोर व्हील सगळं टाकून पाहा. कोणत्या गिअरला आवाज येतो ते वहीत लिहा. शेवटी गिअरबॉक्स आणि गाभ्याचं ऑइल परातीत काढा. तळाशी बारीक चकाकी असेल तर ती नेहमीची झीज. हाताला लागतील असे तुकडे असतील तर तो भाग भंगाराचा.

निवडताना चार प्रश्न विचारा. आपल्या चालू जीपला तो बसतो का? बाजारात नवा सहज मिळतो का? झीज मोजता येते का? न गंजता ठेवता येतो का? नवा स्वस्तात मिळत असेल तर जुना साठवू नका. जो मिळत नाही आणि ज्याच्यावाचून गाडी जागेवर बसते, तो आधी काढा.

या हिशेबाने पहिला नंबर हाय-लोच्या डब्याचा, म्हणजे ट्रान्सफर केसचा. दुसरा गिअरबॉक्सचा. तिसरा पुढच्या आणि मागच्या गाभ्यांचा. क्राउन आणि पिनियन ही लावलेली जोडी असते. एकाचं क्राउन आणि दुसऱ्याचं पिनियन असं लग्न लावू नका. दात मोजा. पिनियन 8 आणि क्राउन 43 असेल तर प्रमाण 5.38 होतं. 8 आणि 39 असेल तर 4.88. विलीज घराण्यात दोन्ही आढळतात. पुढे एक आणि मागे दुसरं बसवलं तर फोर व्हील टाकताच पुढची आणि मागची चाकं एकमेकांना ओढतील आणि काहीतरी तुटेल. जमलं तर पूर्ण गाभा शिमांसकट उचला. टेपर बेअरिंगची आतली रिंग आणि बाहेरची वाटी एकत्र बांधा. निळसर पडलेली किंवा खड्डे पडलेली बेअरिंग टाकून द्या.

त्यानंतर डिझेल पंप आणि नोझल. त्यांची तोंडं काढल्या क्षणी स्वच्छ प्लास्टिकने बांधा, कारण धुळीचा कण पंपाचा काळ असतो. सेल्फ, डायनामो, स्टिअरिंग बॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, फोर व्हीलचे दांडे, हेही घ्या. इंजिन चाचणीत उतरलं तर अख्खं ठेवा. नाही उतरलं तर हेड आणि क्रँक मापून घ्या. क्रँक उभी ठेवा आणि ग्रीस लावून ठेवा.

काही माल गाडीच्या कामाचा नसेल, पण शेतीच्या कामाचा आहे. पाट्यांचं पोलाद बहुधा सिलिकॉन-मँगनीजचं असतं. त्यात कार्बन अर्धा टक्क्याच्या आसपास, साध्या लोखंडाच्या दुप्पट-अडीचपट. म्हणून त्याची वखराची पास टिकते, डवऱ्याची टिकते, विळा टिकतो. तुटलेला पाटाही चालतो. लोहाराला एवढंच सांगा की थंड पाण्यात एकदम बुडवला तर तडकू शकतो. तेलात थंड करा आणि मग हलकी ऊब द्या. चाकांचे हब आणि स्टब टायरच्या बैलगाडीला लागतात. आपल्या पाच गावांत अशा गाड्या आहेत.

आता काय घ्यायचं नाही. ब्रेकचे रबर, होज, व्हील सिलिंडर, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, यांत जुन्याचा मोह नको. वाचलेले शंभर रुपये उतारावर महागात पडतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. नक्षी कितीही चांगली असो, म्हातारा टायर माणसांच्या गाडीला नको, बैलगाडीला द्या. जुन्या ब्रेक आणि क्लचच्या पट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. त्यांची भुकटी तोंडाने किंवा हवेने फुंकू नका, ओली करून पुसा. डिझेलच्या टाकीला गॅसकटर लावू नका. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, आतली वाफ पेट घेते. काळं ऑइल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. ते डब्यात भरा. बॅटरी दुकानात परत करा.

कागदाकडेही लक्ष द्या. गाडी कायमची निकामी झाली की मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. नाहीतर आपल्या नंबरावर दुसरी गाडी फिरेल आणि पोलीस आपल्या दारी येतील. 2021 च्या नियमांनी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रं आली आहेत. तिथे देणार असाल तर कोणते भाग काढलेले चालतात ते आधी विचारा. हिचं इंजिन दुसऱ्या जीपला घालायचं असेल तर आरटीओची मंजुरी घ्या, कारण इंजिनचा नंबर आरसीत असतो. आणि चेसीसचा नंबर कापून दुसऱ्या गाडीला लावणं हा सरळ गुन्हा आहे. तो विचार कोणाच्या मनात असेल तर इथेच सोडा.

एवढा खटाटोप कशाला, असं कोणी विचारेल. काळ्या रानात चार बोटं पाऊस पडला की नाल्यापलीकडच्या वस्तीवर दुसरं वाहन जात नाही. मागच्या पावसाळ्यात बाळंतपणाला अडलेली आपली एक बहीण लो गिअरमध्ये, फोर व्हील टाकून, चिखलातून दवाखान्यात पोचली. ती चालू जीप यापुढे चालेल की नाही, हे बाभळीखालच्या जीपमधून आपण काय काढतो यावर आहे.

म्हणून ठराव असा मांडतो. उद्या सकाळी मेस्त्री आणि चार कार्यकर्ते गाडी चालवून तपासतील. दोन दिवसांत भाग सुटतील. प्रत्येकाला पत्र्याची चिठ्ठी बांधली जाईल: कुठला भाग, कोणत्या बाजूचा, चाचणीत काय दिसलं. यादी तालुक्याच्या कचेरीत टांगली जाईल. उरलेलं लोखंड, तांबं आणि पितळ वेगवेगळं तोलून विकू, एका ढिगात नाही. पैशाचा हिशेब पुढच्या बैठकीत वाचून दाखवू. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हाती आल्याशिवाय चेसीस आवाराबाहेर जाणार नाही.

ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा. ज्यांच्या घरी 22 आणि 24 चे पाने असतील, त्यांनी उद्या येताना ते घेऊन या.