जागृतीचा अधिकार आणि त्याची नोंद



इतिहास, वेदान्त आणि अर्थकारण यांचा परिचय असलेल्या या व्यासपीठावर संगणकाच्या उदरातील एका बारीकशा व्यवस्थेविषयी बोलण्यास मला पाचारण करण्यात चालकांनी थोडे धाडसच केले आहे. निजलेल्या यंत्राला जागे करण्याचा अधिकार कोणास असावा, आणि तो अधिकार कोठे व कोणत्या शब्दांत नमूद करून ठेवावा, एवढाच आजचा प्रश्न आहे. तो यंत्राचा दिसत असला तरी मुळात कारभाराचा आहे, आणि म्हणून या मंडपात तो अगदीच अस्थानी ठरणार नाही अशी माझी समजूत आहे.

प्रथम निद्रेविषयी. लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्याला निजण्याची आज्ञा मिळाली की तो प्रथम चालू असलेले सर्व प्रोग्राम जागच्या जागी गोठवतो. मग प्रत्येक उपकरण हाताळणाऱ्या कर्नलच्या भागाला, म्हणजे त्याच्या ड्रायव्हरला, आवराआवर करण्याचा हुकूम देतो. उपकरणांकडून येणाऱ्या हाका, म्हणजेच इंटरप्ट, बंद करतो. एक सोडून बाकीचे प्रोसेसर थांबवतो. आणि सरतेशेवटी उरलेला एकही विसावतो. मेमरी तेवढी आपला मजकूर टिकवून धरण्यापुरती वीज घेत राहते. जागेपणी या हाका गोळा करून प्रोसेसरपर्यंत पोचवणारा जो इंटरप्ट-कंट्रोलर, त्याचीच वीज गाढ निद्रेत पुष्कळ चिपांत तोडलेली असते. मग हाक ऐकणार कोण? त्यासाठी चिपेत एक लहानसा भाग अखंड विजेवर ठेवलेला असतो. क्वालकॉमच्या चिपांत त्याला पीडीसी म्हणतात, एनएक्सपीच्या आय-एमएक्स चिपांत हे काम जीपीसीकडे सोपवलेले असते. या भागापर्यंत साऱ्याच तारा पोचत नाहीत, मोजक्याच पोचतात. यंत्रात हाक मारू शकणारी उपकरणे पुष्कळ असली, तरी झोपमोड करू शकणारी थोडी, आणि ती कोणती हे कर्नलला कोणीतरी आधी सांगून ठेवावे लागते.

हे सांगण्याचे साधन म्हणजे डिव्हाइस ट्री. आपल्या टेबलावरचा नेहमीचा संगणक आपल्या अंगच्या बऱ्याचशा उपकरणांचा शोध स्वतः घेऊ शकतो. परंतु फोन, राउटर वा कारखान्यातील नियंत्रक यांत वापरल्या जाणाऱ्या एआरएम जातीच्या चिपांत, कोणत्या पत्त्यावर काय बसवले आहे आणि कोणती तार कोठे जोडली आहे, हे विचारण्याची सोयच बहुधा नसते. पूर्वी प्रत्येक बोर्डाची ही माहिती कर्नलच्या पोटातच प्रोग्रामरूपाने लिहिली जाई, आणि अशा लेखनाचा पसारा इतका माजला की 2011 साली लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याबद्दल उघड संताप व्यक्त केला. तेव्हा एआरएमच्या जगाने सन मायक्रोसिस्टिम्समध्ये उगम पावलेली, 1994 मध्ये आयईईई 1275 या मानकात ग्रथित झालेली आणि पॉवरपीसी यंत्रांवर आधीच रुळलेली पद्धत स्वीकारली. यंत्राचे वर्णन कर्नलबाहेर एका स्वतंत्र दस्तऐवजात लिहायचे, आणि कर्नलने ते सुरुवातीस वाचून घ्यायचे, अशी ही पद्धत आहे.

तलाठ्याच्या दप्तरात विहिरीची नोंद असते. परंतु त्या विहिरीचे पाणी कोणत्या दिवशी कोणत्या पिकास द्यावे, याचा हुकूम त्या दप्तरात नसतो. डिव्हाइस ट्रीचा मूळ दंडकही हाच आहे: जे आहे ते लिहावे, काय करावे ते लिहू नये. आणि या दंडकाची खरी कसोटी जर कोठे लागत असेल, तर ती जागृतीच्या नोंदीत लागते.

नियम दिसायला साधा आहे. जे उपकरण यंत्राला जागे करू शकते, त्याच्या नोडमध्ये, म्हणजे डिव्हाइस ट्रीतील त्याच्या नोंदीत, 'वेकअप-सोर्स' हा गुणधर्म लिहावा. त्याला मूल्य नसते. तो लिहिलेला असणे हाच होकार. बोर्डावरच्या पॉवर-बटणाचे उदाहरण घ्या. त्याच्या नोडमध्ये ते चिपेच्या कोणत्या जीपीआयओ, म्हणजे सामान्य वापराच्या, पिनेस जोडले आहे ते असते, दाबल्यावर 116 हा कळ-क्रमांक पाठवावा हे असते, आणि त्याखाली 'वेकअप-सोर्स' हा एकच शब्द असतो. तो शब्द गाळला, तर जागेपणी बटण बिनतक्रार चालेल. पण यंत्र निजल्यावर ते कितीही दाबले तरी कर्नलने त्याला झोपमोडीचा परवाना दिलेला नसेल.

उपकरणास एकापेक्षा अधिक इंटरप्ट असले, म्हणजे खरी गुंतागुंत सुरू होते. अशा वेळी जागृतीसाठी खास राखलेली तार असेल, तर 'इंटरप्ट-नेम्स' या यादीत तिला वेगळे नाव द्यावे, आणि असे नाव दिले असता केवळ तीच तार जागे करण्यास पात्र मानावी, असा संकेत आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ओमॅप-3 चिपेवर बांधलेल्या बीगलबोर्डाच्या वर्णनात अशा राखीव तारेचा एक बोलका नमुना सापडतो. तेथे तिसऱ्या सिरियल पोर्टाच्या नोंदीत 'इंटरप्ट्स-एक्स्टेंडेड' या मथळ्याखाली दोन तारा, दोन निरनिराळ्या कंट्रोलरांच्या हवाल्याने, शेजारी शेजारी नमूद आहेत: पहिली मुख्य कंट्रोलरकडे जाणारी 74 क्रमांकाची, रोजच्या कामाची, दुसरी त्याच पोर्टाच्या आर-एक्स, म्हणजे अक्षरे स्वीकारणाऱ्या, पिनेवरून, पिना सांभाळणाऱ्या भागाकडे जाणारी, निद्राकाळची. निद्रेत पोर्टाचे घड्याळच बंद असल्यामुळे आलेले अक्षर तो वाचू शकत नाही. पिनेवरचा विजेचा चढउतार मात्र त्या दुसऱ्या भागास कळतो आणि तो यंत्र उठवतो. परिणाम असा की झोपमोड करणारे पहिले अक्षर बहुधा हरवते आणि दुसऱ्यापासून संभाषण सुरळीत चालते. हा काही ड्रायव्हरचा दोष नव्हे. दोन तारांची कामे मुळातच भिन्न आहेत, आणि वर्णनाने ती भिन्न दाखवली आहेत.

हा एकसूत्रीपणा सहज आला नाही. आरंभी प्रत्येकाने आपापली वहिवाट चालवली. कोणी 'जीपीआयओ-की,वेकअप' लिहिले, कोणी 'लिनक्स,वेकअप', तर कोणी 'एनव्हिडिया,वेकअप-सोर्स'. 2015 च्या सुमारास या सर्वांच्या जागी एकच नाव ठरवण्यात आले. तथापि जुनी नावे रद्दबातल करता आली नाहीत, कारण ज्या यंत्रांबरोबर ती वर्णने लोकांच्या हाती गेली होती, ती परत मागवणे शक्य नव्हते. एकदा प्रसृत झालेला दस्तऐवज त्याच्या कर्त्यालाही बंधनकारक होतो, हे येथे प्रत्ययास येते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पात्रता वर्णनात लिहावी आणि इच्छा मालकावर सोपवावी, हे तत्त्व कर्नलनेही मानले आहे. अशा प्रत्येक उपकरणाच्या 'पॉवर' निर्देशिकेत 'वेकअप' नावाची फाइल असते, आणि तीत 'डिसेबल्ड' असे लिहिले की पात्रता शाबूत राहून परवाना तेवढा काढून घेतला जातो. व्यवहार मात्र इतका निर्मळ नाही. पुष्कळसे ड्रायव्हर 'वेकअप-सोर्स' वाचताच उपकरणाला पात्र ठरवतात आणि त्याच दमात परवानाही बहाल करतात. सामान्य मालक त्या फाइलीकडे जन्मात फिरकत नाही. म्हणजे ज्याने केवळ वर्णन लिहिले असे आपण समजतो, त्याने प्रत्यक्षात हुकूमच सोडलेला असतो.

याची फळे कोणती? स्पर्शपडद्याला उगाच जागे करण्याचा अधिकार दिला, तर खिशातल्या खिशात फोन जागतो आणि संध्याकाळपूर्वी बॅटरी संपते. तारेची कोणती पातळी हाक मानायची हे उलटे लिहिले गेले, तर निजलेले यंत्र त्याच क्षणी उठते, पुन्हा निजवावे तर पुन्हा उठते; आणि मग 'पीएम-वेकअप-आयआरक्यू' या फाइलीत कोणत्या क्रमांकाच्या हाकेने झोप मोडली ते पाहून गुन्हेगार शोधत बसावे लागते. उलट जेथे नोंद हवी तेथे ती राहून गेली, तर पहाटेचा गजर वाजतच नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की या एका शब्दाच्या बाबतीत लेखकाने हात आखडता घ्यावा. डिव्हाइस ट्रीचे दोन थर असतात: एक चिपेचा, अनेक बोर्डांना समाईक, दुसरा प्रत्येक बोर्डाचा, त्याचा स्वतःचा. चिपेस एखादी गोष्ट साधते, एवढ्यावरून ती समाईक थरात जागृतीचा अधिकार म्हणून लिहून टाकण्याचा मोह होतो. परंतु त्यासाठी लागणारी तार या विशिष्ट बोर्डावर अखंड जागणाऱ्या भागापर्यंत खरोखर पोचली आहे की नाही, हे बोर्ड आखणाऱ्यालाच ठाऊक असते. तेव्हा ही नोंद बोर्डाच्या थरात, नकाशा समोर ठेवून, एकेका तारेची शहानिशा करून व्हावी. आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनीही पात्रता व परवाना यांची गल्लत करण्याचा आपला शिरस्ता एकदा तपासून पाहावा. आपण लिहिलेले वर्णन पुढे हुकूम म्हणून वाचले जाणार आहे हे ज्यास ठाऊक आहे, त्याला केवळ खरे लिहून भागत नाही. त्या वर्णनाचा अंमल कोणावर बसणार आहे, याचाही विचार त्याने लेखणी उचलण्यापूर्वी केला पाहिजे.