डोहातील मासा आणि पाण्याची मालकी



अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या वाळवंटात ‘डेव्हिल्स होल’ नावाचा एक डोह आहे. चुनखडीच्या खडकातील भेगेत तयार झालेल्या या डोहाच्या सुमारे ३३ अंश सेल्सिअस उष्ण पाण्यात जेमतेम इंचभर लांबीचा एक मासा राहतो. जगात अन्यत्र कोठेही तो निसर्गतः आढळत नाही. त्याचे अन्न आणि त्याची वीण मुख्यतः पाण्याखालच्या १८ फूट लांब व ८ फूट रुंद अशा एका खडकावर अवलंबून आहे. एवढाच त्याचा मुलूख.

१९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी हा डोह राष्ट्रीय संरक्षणाखाली आणला. १९६८ मध्ये अडीच मैलांवरील एका विस्तीर्ण शेतीवर पंप सुरू झाले, डोहाची पातळी उतरू लागली आणि तो खडक उघडा पडू लागला. त्या शेतीत लक्षावधी डॉलर गुंतले होते. ऐंशीहून अधिक माणसे तेथे कामाला होती. साहजिकच ‘मासा की माणूस?’ असा वाद पेटला. ‘मासा मारा’ आणि ‘मासा वाचवा’ अशा पट्ट्या मोटारींवर झळकल्या.

हा प्रश्नच फसवा होता. पंपाचा खर्च मालकाच्या वहीत नोंदला जातो. उतरलेल्या पातळीची किंमत मात्र कोणाच्याच वहीत येत नाही, ती साऱ्या परिसराला मोजावी लागते. १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला : डोह राखून ठेवताना त्यासाठी लागणारे पाणीही राखून ठेवले गेले होते, आणि नंतर आलेल्या पंपाला ते हिरावून घेता येणार नाही. उपशावर सरसकट बंदी आली नाही. पातळी एका मर्यादेखाली जाऊ न देण्याचे बंधन आले.

या निर्णयाचे मोल माशापुरते नाही. आपल्याकडे १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने जमिनीखालच्या पाण्यावर जमीनमालकाचा हक्क मानला. परिणामी ज्याला अधिक खोल बोअर परवडते त्याला पाणी मिळते आणि शेजारच्या अल्पभूधारकाची विहीर आटते. भूमिहीनाचा तर या हिशेबात उल्लेखही नाही. वाहते भूजल बांध ओळखत नसेल, तर त्याची मालकी बांधाने कशी ठरावी?

२०१३ च्या वसंतातील मोजणीत डोहात अवघे ३५ मासे आढळले. भूकंपाच्या हादऱ्यांनंतर २०२५ मध्ये ३८. संकट टळलेले नाही. परंतु पाण्यावर समाजाचा अधिकार वेळीच मान्य झाला, म्हणून आज मोजण्यास मासे तरी उरले आहेत. माणसांच्या विहिरींबाबत तो अधिकार मान्य होण्यास आणखी किती विहिरी आटाव्या लागणार?