तीन औषधं, एक गोळी

दिवाळी आटोपली की पिंपळनेरच्या आसपासच्या पाड्यांवरून ऊसतोडीच्या जोड्या बारडोलीकडं निघतात. भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं, सगळं ट्रकमध्ये चढतं. एखाद्या बोचक्यात एचआयव्हीच्या गोळ्यांची डबीही असते. आज त्या गोळीविषयी.

१९६४ साली अमेरिकेत डेट्रॉइटला जेरोम हॉरविट्झ यांनी कॅन्सरसाठी झिडोव्हुडिन तयार केलं. उंदरांवर ते फुकट गेलं. त्यांनी पेटंटही घेतलं नाही. पाठोपाठ केलेल्या स्टॅव्हुडिनचीही तीच गत. पुढं एचआयव्ही आला आणि १९८७ मध्ये झिडोव्हुडिन हेच त्यावरचं पहिलं मंजूर औषध ठरलं. रुग्ण सावरायचे, पण काही महिनेच. हा विषाणू स्वतःच्या नकला काढताना सारखा चुकतो, आणि अशीच एखादी चुकलेली नक्कल औषधाला दाद देत नाही. एका औषधाला चकवणारी नक्कल निपजते; तिघांना एकदम चकवणारी निपजणं महाकठीण. म्हणून १९९६ पासून तीन औषधं एकत्र देऊ लागले. खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर.

२००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसूफ हमीद यांनी तोच उपचार ३५० डॉलरांत देऊ केला. तिन्ही औषधं वेगवेगळ्या परदेशी कंपन्यांची, मग ती एका गोळीत आणणार कोण? आपल्या १९७० च्या कायद्यानुसार मात्र पेटंट औषधाच्या कृतीवर होतं, औषधावर नव्हे. म्हणून कृती बदलून सिप्लानं लॅमिव्हुडिन, नेव्हिरॅपिन आणि हॉरविट्झ यांचं ते वाया गेलेलं स्टॅव्हुडिन एकाच गोळीत बसवलं. माझ्या मते यात रसायनशास्त्राइतकंच श्रेय कायद्याचं.

स्टॅव्हुडिननं गाल बसायचे, तळपायांची आग व्हायची; ते पुढं मागं पडलं. आता टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची गोळी रोज एकदा घ्यायची. एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या सरकारी एआरटी केंद्रांत ती मोफत मिळते.

मात्र बरं वाटलं म्हणून ती मध्येच सोडू नका. तिन्ही औषधं शरीरातून एकदम उतरत नाहीत. एखादं मागं रेंगाळतं, आणि विषाणूची गाठ पुन्हा एकट्याशीच पडते. तेव्हा ऊसतोडीला निघण्याआधी केंद्रावर सांगा: किती महिने जाणार, कुठं जाणार. पुरतील एवढ्या गोळ्या मागा, किंवा तिकडच्या केंद्राची चिठ्ठी घ्या. शंका असेल तर १०९७ हा फोन फुकट आहे.