नळीचा साचा कुणाच्या मालकीचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मोटारीच्या रेडिएटरची रबरी नळी हा अर्थशास्त्राच्या माणसाने बोलण्याचा विषय आहे काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. माझे म्हणणे असे की, उत्पादनसाधनांच्या मालकीचा प्रश्न पोथ्यांतून जेवढा उमगतो, त्याहून अधिक तो या हातभर नळीतून उमगतो.

प्रीमियर पद्मिनी ही गाडी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. फियाट 1100 या इटालियन मोटारीचा तो भारतीय अवतार. वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. 2000 च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर, ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस, पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. याचा अर्थ, उत्पादन थांबल्यानंतरही दोन दशके या गाडीवर माणसे पोट भरत होती. तिला चालती कुणी ठेवली? सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखानदारांनी, त्याच कुर्ल्यातील सीएसटी रोडवरच्या जुन्या भागांच्या व्यापाऱ्यांनी आणि गॅरेजातल्या मिस्त्र्यांनी. त्यांची नावे उद्योगाच्या इतिहासात कोणी नोंदवणार नाही.

आता नळीकडे वळू. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये पाणी खेळवणाऱ्या मुख्य नळ्या दोन. वरची नळी इंजिनातून तापलेले पाणी रेडिएटरकडे नेते, खालची थंड झालेले पाणी पंपाकडे आणते. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते, त्यामुळे पाणी 100 अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. साहजिकच या नळीला उष्णता सोसावी लागते, दाब सोसावा लागतो आणि इंजिनाची थरथरही सोसावी लागते. ती साधी रबराची नसते, तिच्या अंगात धाग्याचे विणकाम असते. तिचा बाक कच्च्या रबराची नळी वाकवलेल्या लोखंडी गजावर चढवून, वाफेत शिजवून कायम केलेला असतो. हा वाकवलेला गज म्हणजेच साचा. नळीत रबर किती, मजुरी किती, याचा हिशेब क्षुल्लक आहे. महत्त्व आहे ते साच्याला, आणि उत्पादन बंद झाले की कंपनीच्या वहीत साचा म्हणजे केवळ भंगाराचे वजन उरते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मेव्हण्यांच्या जुन्या पद्मिनीची खालची नळी फाटली. दुकानदाराने ‘माल बंद झाला’ एवढेच उत्तर दिले. गॅरेजातल्या मिस्त्रींनी मात्र प्रथम एक जाड तार वाकवून जुन्या नळीचा बाक उतरवून घेतला आणि दोन्ही तोंडांची मापे घेतली. मग ती तार घेऊन ते दुसऱ्या गाड्यांच्या नळ्यांशी ताडत बसले. एका नळीचा बाक जुळला, एक तोंडही जुळले. दुसरे तोंड मोठे निघाले. लेथवाल्याकडून दोन वेगळ्या व्यासांचा, दोन्ही टोकांना किंचित उंच गोट असलेला पितळी जोड करून घेतला. त्या गोटामुळे क्लिप आवळल्यावर नळी निसटत नाही. पुढे सरळ नळीचा लहान तुकडा जोडला. जुन्या नळीतली तारेची स्प्रिंग त्यांनी जपून काढली आणि नव्या नळीत घातली. पंप पाणी ओढतो तेव्हा खालची नळी आत चिपकू नये म्हणून ती असते, आणि अर्धवट कारागीर नेमकी तीच फेकून देतो. बागेच्या पाइपचा तुकडा लावू या, असे कोणी तरी सुचवले तेव्हा ते नुसते हसले. तो पाइप उष्णतेने मऊ होऊन सुटतो आणि इंजिन जाते. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवले, कुठे गळते का पाहिले, गाडी पूर्ण निवल्यावर क्लिपा पुन्हा आवळल्या. बिलात नळी, पितळ आणि लेथवाल्याची मजुरी होती. अर्धा दिवस जो विचारात गेला, त्याचा एक पैसाही नव्हता.

या प्रकाराला हल्ली ‘जुगाड’ म्हणतात आणि व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत त्याचे कौतुकही होते. हे कौतुक मला संशयास्पद वाटते. मापे घेणे, धातू ओळखणे, दाबाची दिशा जाणणे याला आपण अभियांत्रिकी म्हणतो. तेच काम तेलकट कपड्यांतल्या माणसाने केले की ती केवळ हिकमत ठरते, आणि हिकमतीला वेतनश्रेणी नसते. शिवाय जोड जितके अधिक, तितक्या गळण्याच्या जागा अधिक. घाटात नळी सुटली तर धोका चालकाचा, दोष मिस्त्रीचा. ज्याने साचा मोडीत काढला तो या हिशेबात कुठेच येत नाही. बाजारात मागणी नाही म्हणून माल नाही, हे उत्तर अर्धेच खरे आहे. मागणी असते, पण ती विखुरलेली असते, आणि विखुरलेल्या शंभर गरजूंना एकत्र आणणे हे बाजाराला जमत नाही.

कायद्याने काय केले? स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू न देणे, हा ठपका होता. प्रकरण अपिलांत गेले. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली; तिच्या कक्षेत शेती अवजारे होती, मोबाइल होते, मोटारीही होत्या. पुढे एक पोर्टलही निघाले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

आपली मागणी याहून साधी असावी. उत्पादन बंद करताना कंपनीने त्या गाडीच्या भागांची रेखाचित्रे आणि मापे सार्वजनिक करावीत, आणि साचे मोडीत घालण्यापूर्वी ते लहान उद्योगांना व सहकारी संस्थांना वाजवी दराने देऊ करावेत. ज्या मालावर नफा कमवायचा नाही असे कंपनीनेच ठरवले, त्याचे गुपित तिने कशासाठी जपावे? सहकारी संस्थेने शंभर नळ्यांची मागणी एकत्र नोंदवली, तर लहानसा रबर कारखानाही गज वाकवून त्या काढू शकेल.

हे काम जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांपुरते नाही. आजच्या कित्येक गाड्यांच्या नळ्यांना टोकाशी प्लास्टिकचे खटक्याचे जोड पक्के बसवलेले असतात, तिथे पितळी जोड आणि क्लिप लावण्याची सोय उरत नाही. विजेवर चालणाऱ्या अनेक मोटारींतही बॅटरी थंड ठेवायला द्रव खेळवावाच लागतो, म्हणजे नळ्या तिथेही आहेतच. आपल्यापैकी जे रिक्षा-टॅक्सीचालकांत काम करतात त्यांनी पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकी पाच गॅरेजांत जाऊन विचारून यावे : कोणता भाग मिळत नाही, किती वर्षांपासून, आणि त्याच्या जागी काय बसवता? मिस्त्रींच्या उत्तरांतून मागणीचा मसुदा करू. तो इंग्रजीत नको. ज्यांच्यासाठी आहे त्यांना वाचता आला पाहिजे.