हवेचा भाव आणि गावाचा अधिकार



प्रदूषणाच्या अधिकारांची खरेदी-विक्री हा आजचा विषय आपणांस दूरचा वाटेल. तथापि त्याचे एक उदाहरण अविभक्त आदिलाबाद जिल्ह्यातच घडलेले आहे.

मूळ कल्पना कॅनडातील अर्थशास्त्रज्ञ जॉन डेल्स यांनी १९६८ साली मांडली. एखाद्या प्रदेशात एकूण किती घाण सोडता येईल याची कमाल मर्यादा शासनाने ठरवावी, तेवढ्याचेच परवाने काढावेत आणि ते विकण्याची मुभा द्यावी. ज्याला धूर कमी करणे स्वस्त पडते तो कमी करील व उरलेला परवाना विकील. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने हे तत्त्व गंधकाच्या धुराला लावले. १९९५ पासून ते अमलात आले.

आता आपल्याकडे वळू. जैनूर मंडळातील पॉवरगुडा हे गोंड वस्तीचे गाव. २०१६ च्या पुनर्रचनेनंतर ते आसिफाबाद जिल्ह्यात गेले. तेथील महिला बचत गटांनी करंजाची झाडे लावली. उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेच्या साह्याने गावात तेल काढण्याचे यंत्र आले. डिझेलऐवजी करंजाचे तेल वापरल्यास दहा वर्षांत १४७ टन कार्बन डायऑक्साइड वाचेल, असा हिशेब मांडला गेला. ऑक्टोबर २००३ मध्ये जागतिक बँकेने त्याबद्दल गावाला ६४५ डॉलर दिले. वॉशिंग्टनमधील एका परिषदेसाठी पाहुण्यांनी केलेल्या प्रवासाच्या धुराची ती भरपाई होती.

या व्यवहाराचे मला कौतुक आहे. ज्या स्त्रियांच्या श्रमाला बाजाराने कधी भाव दिला नव्हता, त्यांच्या झाडांची दखल साता समुद्रापलीकडे घेतली गेली. पण दर टनाला साडेचार डॉलरही पडले नाहीत, ही गोष्टही लक्षात ठेवावी. त्याहून महत्त्वाचे असे की विकत घेणाऱ्यावर कोणतीही मर्यादा नव्हती. पुढच्या वर्षी विमाने वाढली असती तरी कोणी अडविले नसते. बंधन आले ते विकणाऱ्यांवर: दहा वर्षे बी वेचावयाचे, तेल गाळावयाचे. मर्यादेवाचून होणारी अशी विक्री म्हणजे श्रीमंताने केलेले प्रायश्चित्त होय. पैसे देऊन पाप फिटते, थांबत नाही.

मर्यादा आणि मोजमाप असले की काय होते, हे सुरतेत दिसले. २०१९ मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने तेथील कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांच्या धूलिकणांसाठी असा बाजार सुरू केला. धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रे होती, अनामत रक्कम आगाऊ घेतलेली होती व परवान्याहून अधिक धूर सोडल्यास तीतून भरपाई कापली जाई. बाजाराबाहेरील कारखान्यांच्या तुलनेत यांचा धूर वीस ते तीस टक्क्यांनी घटला. बाजार चालला, कारण त्यावर पहारा होता.

पहारा नेहमी सरकारचाच असावा काय? एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी कुरणे, पाटपाणी, मासेमारी यांचा अभ्यास करून दाखविले की लोक स्वतः नियम करून, एकमेकांवर नजर ठेवून सामाईक संपत्ती जपू शकतात. त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्यानेही सामूहिक वनाचे रक्षण करण्याचा व त्यास बाधक कृत्ये रोखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. जंगलाच्या बाबतीत गावाला जो शब्द मिळाला, तो हवेच्या बाबतीत अद्याप मिळालेला नाही. धुराची मर्यादा ठरविताना तो धूर श्वासात घेणाऱ्या माणसाला आसन नसते.

म्हणून माझे प्रतिपादन इतकेच: आधी मर्यादा, मग मोजमाप, आणि शेवटी बाजार. मर्यादा ठरविणाऱ्यांत व मोजणाऱ्यांत स्थानिक माणूस असलाच पाहिजे. २०२३ मध्ये केंद्र शासनाने कार्बनच्या व्यापाराची योजना अधिसूचित केली आहे. उद्या आपल्या गावांतील झाडांनाही गिऱ्हाईक येईल. विद्यार्थिमित्रहो, तेव्हा कागदावर सही करण्यापूर्वी एवढेच विचारा की घेणारा स्वतःचा धूर किती कमी करणार आहे आणि तो मोजणार कोण.