मुलांच्या हातातला कॅमेरा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सेक्रेटरीबाईंनी यंदा मला बोलण्याची गळ घातली. विषय कोणता घेऊ, असे विचारले, तर म्हणाल्या, "तुमच्या घरात सध्या जे चालले आहे तेच सांगा." आमच्या घरात काय चालले आहे ते सगळ्या वाडीला ठाऊक आहे! माझी धाकटी, तिच्या चार मैत्रिणी आणि दोन मुलगे असे सातजण मिळून गेले वर्षभर मोबाईल घेऊन आपल्या नळापाशी घिरट्या घालीत होते, आणि त्यावरून श्रावणात केवढा तंटा झाला हेही तुम्हांला ठाऊक आहे. तेव्हा मी सातवी शिकलेली बाई आज अनुबोधपटावर बोलणार आहे. हसू आले तर हसा, पण शेवटपर्यंत ऐका, कारण शेवटी मला मंडळाकडे काही मागायचे आहे.

अनुबोधपट हा शब्द जुना. मुले त्याला डॉक्युमेंटरी म्हणतात. आपल्या लहानपणी थिएटरात मुख्य चित्रपट सुरू होण्याआधी सरकारी चित्रे लागत. कुठे पूर, कुठे धरण, कुठे देवीची लस. ती दाखवणे थिएटरवाल्यांना सक्तीचे होते, आणि आपण तेवढ्यात शेंगदाणे घ्यायला बाहेर जात असू. ती चित्रे काढणारे फिल्म्स डिव्हिजन हे खाते १९४८ साली निघाले आणि त्याचा मोठा कारखाना आपल्या मुंबईतच, पेडर रोडला होता. २०२२ साली ते खाते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात सामील झाले. मुलांसाठी चित्रपट काढणारी बालचित्र समिती १९५५ ची, तीही त्यातच गेली. त्या पेडर रोडच्या आवारात गुलशन महाल नावाचा जुना बंगला आहे. तिथे २०१९ पासून चित्रपटांचे संग्रहालय आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी या सातजणांना घेऊन गेले होते. डबे बरोबर नेले होते, म्हणून खर्च फक्त प्रवासाचा आणि तिकिटाचा झाला.

तिथून आल्यापासून मुलांच्या तोंडी एकच नाव, दादासाहेब फाळके. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला हे आपण सगळ्याच जाणतो. पण त्याच्या आधी, लंडनहून कॅमेरा आणल्यावर, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा कोंब कसा वर येतो याची चित्रे रोज थोडी थोडी घेतली. महिन्याभराची वाढ मिनिटाभरात दिसली. राजा नाही, राणी नाही, नुसता वाटाणा! माझ्या मते आपल्याकडचा हाही एक अनुबोधपटच. आणि सरस्वतीबाईंचे काय? दागिने त्यांचे गेले, अंधारात बसून फिल्मच्या पट्टीला भोके पाडणे त्यांच्याकडे, उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे त्यांच्याकडे, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडे. पुस्तकात मोठे नाव दादासाहेबांचे. ते असावे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या पोरींनी त्यांच्या चित्राच्या शेवटी नावे घातली, तेव्हा 'चहा आणि पोहे' म्हणून सहा आयांची नावे घातली, हे मी मुद्दाम सांगते.

मुलांनी निवडलेला विषय वाटाण्याहूनही साधा होता: आपल्या वाडीचे पहाटेचे पाणी. साडेचारला नळ येतो, सहाला जातो. कोण उठते? बायका. कोण झोपते? ते सांगायला नको. ही गोष्ट आपण रोज करतो म्हणून आपल्याला दिसत नाही. मुलांना ती दिसली. पहिल्या दिवशी काढलेल्या चित्रात काही कळेना. अंधार, मोबाईल हलतो आहे आणि कुकरच्या शिट्ट्या. मग शिकत गेली. मोबाईल आडवा धरायचा, तो डब्यांच्या चळतीवर टेकवायचा, दुसरा मोबाईल बोलणाऱ्या बाईच्या जवळ आवाजासाठी ठेवायचा, प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचे. हे गप्प बसणे त्यांना सर्वांत जड गेले. साडेचार तासांचे चित्रण झाले आणि त्यातून नऊ मिनिटांचा पट उरला. हे कापणे-जोडणे ज्या मुलीने केले तिच्याबद्दल पुढे सांगते. खाली त्यांनी एक सिनेमाचे गाणे घातले होते. ते परवानगीशिवाय चालत नाही असे कळल्यावर काढले, आणि त्या जागी आपल्या हंडे-कळशांचाच आवाज ठेवला. मला तर तोच अधिक आवडला.

आता तंट्याकडे येते. तंटा दोन प्रकारचा होता. पहिला गाऊनचा. पहाटे साडेचारला कोण नऊवारी नेसून नळावर येणार? काहीजणींनी म्हटले, आम्हांला गाऊनमध्ये सगळ्या मुंबईला दाखवता काय! ही तक्रार रास्त होती. मुलांनी ज्यांना नको त्यांचे नुसते हात आणि हंडे दाखवले. तो तंटा तिथे मिटला.

दुसरा याहून अवघड. एक बाई नळाजवळ पाण्याचे बोलता बोलता घरातले बोलून गेली. कोण ते मी सांगणार नाही, काय बोलली तेही सांगणार नाही, आणि कोणी तर्क लढवू नये अशी विनंती आहे. मुलांना वाटले, हाच आपल्या चित्राचा गाभा. ऐकून मलाही भरून आले, पण मी म्हटले, आधी तिला दाखवा. घरी कोणी नसताना जा, दोघीच जा, मुलग्यांनी जाऊ नये. तिने ते दोनदा पाहिले आणि म्हणाली, पाण्याचे राहू द्या, बाकीचे काढा. मुले हिरमुसली. एकजण मला म्हणाला, "काकू, पण ते खरं आहे ना?" मी म्हटले, "खरे आहे. उद्या चित्र दाखवून तू आपल्या घरी जाशील, तिला मात्र त्याच घरात जायचे आहे." चाळीस सेकंदांचा तो तुकडा गेला.

हा प्रश्न काही आपल्या वाडीपुरता नाही. आनंद पटवर्धन यांचा 'हमारा शहर' हा १९८५ चा अनुबोधपट मुंबईतल्या झोपड्या पाडल्या गेलेल्या लोकांवर आहे. त्यात एक बाई चित्र काढणाऱ्यांवरच उखडते, आमच्या हालांची चित्रे काढून तुम्ही नाव मिळवणार अशा अर्थाचे बोलते. पटवर्धनांनी तिचे ते बोलणे चित्रात ठेवले. मोठ्यांनाही ज्याचे उत्तर सोपे नाही, ते पंधरा वर्षांच्या पोरांनी चटकन द्यावे असे मी म्हणणार नाही. पण विचारायची सवय आत्ताच लागली तर बरे.

गेल्या जानेवारीत किशोरवयीन मुलांच्या एका लघुपट महोत्सवात आपले चित्र लागले. असले महोत्सव आता बरेच निघाले आहेत. काही नुसते प्रवेश-फी घेऊन सर्वांना सारखेच प्रमाणपत्र पाठवतात, त्यांपासून सावध राहावे. पण चांगलेही आहेत. बालचित्र समितीच्या हैदराबादच्या महोत्सवात २०१३ साली मुलांनीच काढलेल्या चित्रांसाठी 'लिटल डायरेक्टर्स' असा निराळा विभाग ठेवला होता. आपल्या मुंबईत १९९० पासून अनुबोधपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरत आला आहे, आणि त्यात विद्यार्थ्यांच्या कामालाही बक्षीस असते.

आपल्या चित्राला बक्षीस मिळाले नाही. परीक्षक म्हणाले, मध्ये चित्र जरा पडते, काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. तेव्हा ते कापणारी मुलगी उभी राहिली आणि एवढेच म्हणाली, "तिथे एक बाई बोलल्या होत्या. त्यांनी नको म्हटले." मग खाली बसली. परीक्षकांनी पुढे काही विचारले नाही.

हीच ती मुलगी. तिला त्या दिवशी यायला तिच्या वडिलांची परवानगी नव्हती, कारण खेळ रात्री आठला सुटणार होता. आपल्या मंडळातल्या दोघी आणि मी जाऊन बसलो, आम्ही तिघी नेऊ आणि आणू असे सांगितले, तेव्हा 'बरं' म्हणाले. आता तिची दहावी झाली. हे कापाकापीचे काम पुरे, असे घरी ठरते आहे. तिचे वडील वाईट गृहस्थ नाहीत. सातजण एका खोलीत दार लावून बसतात हे त्यांना पसंत नाही, आणि आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दार लावल्याशिवाय आवाज ऐकू येत नाही हेही खरे आहे. शिक्षण नको असे त्यांचे म्हणणे नाही, जागा नीट असावी असे आहे.

कोणी म्हणेल, बाईमाणसाला यंत्र काय करायचे? अहमदाबादच्या 'सेवा' संस्थेत १९८४ साली भाजी विकणाऱ्या, मजुरी करणाऱ्या बायका व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकल्या. त्यांतल्या काहींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी आपल्याच धंद्यातल्या अडचणींची चित्रे काढली. आपण तर सातवी-दहावी शिकलेल्या आहोत!

तर माझे मागणे असे. मंडळाच्या वाचनालयाची खोली दर शनिवारी दुपारी तीन ते सहा या मुलांना द्यावी. विजेचे बिल किती वाढेल, असे खजिनदारबाईंनी विचारले आहे. एक दिवा, एक पंखा आणि दोन मोबाईल चार्जिंगला, एवढेच. लॅपटॉप एका मुलाच्या मामाचा आहे, तो त्याच दिवशी मिळतो, म्हणून शनिवार. दार उघडे राहील. मी निवडायची भाजी घेऊन तिथेच बसेन, आणि ज्यांना वेळ असेल त्यांनी आपापली परात घेऊन यावे. पुढच्या चित्राचा विषय मुलांनी ठरवला आहे, आपल्या गिरणीत काम केलेल्या आजी. अशा तिघी आजी आज इथे बसल्या आहेत. आधी विचारा, मग बोलू, असे त्यांनी मुलांना बजावलेलेच आहे.

ठरावाचा कागद सेक्रेटरीबाईंकडे दिला आहे. चहा होण्याआधी हात वर करून मत घ्यावे, कारण चहानंतर निम्म्याजणी पाणी भरायला जातील.