विभक्त पालक आणि मुलांच्या संगोपनाचा आराखडा

परस्पर संमतीने घटस्फोट घेताना कुटुंब न्यायालयात ज्या अटी दाखल होतात, त्यांतच मुलांच्या संगोपनाचा आराखडा लिहिता येतो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ नुसार न्यायालय ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांविषयी आदेश देते; शक्य तिथे मुलाची इच्छाही विचारात घेते. पाच वर्षांखालचे मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहते, पण निर्णायक ठरते ते मुलाचे हित.

आराखड्यात सर्वाधिक नेमकेपणा हवा तो भेटींच्या वेळापत्रकात. ‘सोयीनुसार भेट’ असे मोघम लिहिले की दर शनिवारी नवा वाद उभा राहतो आणि त्यात मूल होरपळते. म्हणून शाळेच्या दिवसांतला मुक्काम, गणपती, दिवाळी, मे महिन्याची सुट्टी, वाढदिवस, आणायला-सोडायला कोण येणार, हे सारे वार-वेळेसह ठरवावे. आजी-आजोबांच्या भेटीही विसरू नयेत. पालक विभक्त होण्याच्या काळात मुलाला त्यांचाच मोठा आधार असतो. फी, औषधोपचार, पासपोर्ट यांचे निर्णय कोण घेणार, तेही लिहावे. एकमेकांना द्यायचे निरोप मात्र मुलाच्या हाती कधीच देऊ नयेत.

लहानग्यांना छोट्या पण वारंवार भेटी मानवतात. किशोरवयात क्लास आणि मित्रांसाठी वेळ सोडावा लागतो. त्यामुळे वय वाढेल तसा आराखडा बदलावा. एकमत न झाल्यास ताब्याच्या आदेशात फेरबदल करण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो.